नाताळ झाला, आता तिसरा अध्याय

दैनंदिन मनन : सोमवार, ५ जानेवारी
शास्त्रभाग : लूक ३:१-१४ (जोडीला लूक २:२० आणि ३:२१-२३)



१ तारखेला आपण ठरवलं होतं की जानेवारीत लूककृत शुभवर्तमान रोज एक अध्याय वाचायचं. त्या हिशोबाने आज पाचवा अध्याय यायला हवा. पण शनिवारी तिसरा वाचला आणि तिथून माझा पाय निघत नाहीये. काल पुण्याला उपासनेला जाऊन आलो, येताना स्वारगेट-भोर एसटीत पुन्हा तोच भाग वाचला. म्हणून आजही तिसराच. ज्यांचं वाचन पुढे गेलंय त्यांनी दोन पानं मागे यावं.

पहिले दोन अध्याय आपण डिसेंबरभर जगलो. गव्हाणी, मेंढपाळ, देवदूतांचं गाणं, म्हातारा शिमोन. संडे स्कूलच्या नाटकात डोक्याला पंचे गुंडाळलेली पोरं. कॅरल पार्टी, चांदण्या, करंज्या आणि शंकरपाळ्यांचे डबे, शेजाऱ्यांकडे गेलेली ताटं, ३१ च्या रात्रीची उपासना. मग पान उलटतं आणि लूक तिबिर्य कैसर, पंतय पिलात, हेरोद अशी राज्यकर्त्यांची यादी देतो, आणि लगेच आपल्याला यार्देनच्या काठच्या रानात नेऊन उभं करतो. तिथे योहान गर्दीला सापाची पिल्लं म्हणतोय. कुऱ्हाड झाडाच्या मुळाशी टेकलीय असं बजावतोय. नाताळच्या शुभेच्छापत्रावर हे कुणी छापत नाही. पण लूकने हे नाताळच्या पुढच्याच पानावर ठेवलंय.

आता गर्दी काय विचारते ते बघा. तिचा प्रश्न अगदी रोकडा आहे : बरं, मग आम्ही आता करायचं काय? हाच प्रश्न तीनदा येतो. आधी सगळे लोक विचारतात, मग जकातदार, मग शिपाई. योहान तिघांना तीन वेगळी उत्तरं देतो. मला वाटलं होतं (मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा, कॉलेजात असताना) की एवढं गरजून झाल्यावर हा माणूस चाळीस दिवसांचा उपास वगैरे सांगेल. तो सांगतो ते असं : दोन अंगरखे असतील तर एक ज्याच्याकडे नाही त्याला दे, जेवणाचंही तसंच. जकातदारांना, ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना, कुणाला धमकावून किंवा खोटा आळ घेऊन पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात भागवा.

कपडे, ताट, हिशोब, पगार. एवढंच.

जकातदाराचं उत्तर नीट समजायचं तर त्या काळची पद्धत माहीत हवी. रोमी सत्तेखाली जकात गोळा करायचं काम मक्त्याने जायचं. आपल्याकडे जुन्या काळी जकातीचे, बाजाराचे मक्ते जायचे तसंच. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यायची, मग नाक्यावर माणसं बसवून ती वसूल करायची, आणि वर जे सुटेल ते आपलं. म्हणजे जास्त घेणं हा त्या धंद्यातला अपवाद नव्हता, धंदा चालायचाच त्यावर. नाक्यावर बसलेल्या माणसाने ठरल्याएवढंच घेतलं तर तोटा त्याचा, आणि शेजारच्या नाक्यावरच्या माणसाची पंचाईत वेगळी. योहानाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी तो त्यांना नाका सोडा असं म्हणत नाही. उद्या सकाळी त्याच नाक्यावर जाऊन बसा, म्हणतो, पण हात वेगळा चालू द्या.

मला हे राजीनाम्यापेक्षा अवघड वाटतं. राजीनामा एकदाच द्यावा लागतो.

मेंढपाळांचंही तसंच आहे. लूक २:२० मध्ये ते देवाची स्तुती करत परत गेले, असं लिहिलंय. कुठे परत गेले? मेंढरांकडे. आमच्या भोर भागात भात निघालं की मेंढपाळ कळप घेऊन येतात, शेतकरी खतासाठी रात्री आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतो. भोवती जाळी, एका कोपऱ्यात चूल, घोंगडी, कुत्री. उत्रोलीच्या थंडीत पहाटे तीन वाजता त्या माणसाला जाग असते, कारण बिबट्याचा भरवसा नाही. बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूत दिसले ते अशाच एका रात्री. दुसऱ्या रात्री देवदूत आले नाहीत. मेंढरं होती, थंडी होती, राखण होती. लूक त्यांची नावं सांगत नाही आणि पुढे त्यांची पुन्हा भेटही घडवत नाही. त्यांचं उरलेलं आयुष्य त्या राखणीतच गेलं असणार, आणि तारणारा पाहिलेली माणसं राखण कशी करत असतील याची कल्पना करत मी काल बराच वेळ बसलो होतो. हरवलेल्या मेंढराला शोधायला ती चार पावलं जास्त जात असतील का? शेजारच्या कळपातलं चुकून आलेलं कोकरू परत देत असतील का?

आणि स्वतः प्रभू! बारा वर्षांचा असताना मंदिरात, आणि त्यानंतर एकदम सुमारे तीस वर्षांचा. मधली अठरा वर्षं लूकने एका वाक्यात उरकली आहेत. मार्क ६:३ वरून कळतं की गावाला तो सुतार म्हणून माहीत होता. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की येशू नांगर आणि जू बनवत असे. जू बनवणं म्हणजे काय ते चिखलणी केलेल्या माणसाला विचारा. जू बैलाच्या खांद्याला नीट बसलं नाही तर खांदा सोलतो आणि ऐन आवणीत बैल बसतो. पुढे मत्तय ११ मध्ये प्रभू आपलं जू सोयीचं आहे असं म्हणतो, तेव्हा ते बोलणारा माणूस खरोखरीची जुवं तासलेला आहे, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

याच तिसऱ्या अध्यायात, ओवी २१-२२ ला, त्याचा बाप्तिस्मा होतो आणि स्वर्गातून पित्याची वाणी येते की तू माझा लाडका पुत्र आहेस आणि मी तुझ्यावर प्रसन्न आहे. त्या वेळेपर्यंत एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन नाही, एक शिष्य नाही. हिशोबाला धरायचं झालं तर मागे नासरेथातली साधी वर्षं आहेत. आईवडिलांच्या आज्ञेत राहणं, रंधा, भुस्सा, गिऱ्हाइकं, शब्बाथ. पिता प्रसन्न आहे.

हे सगळं मी एरवी वाचून पुढे गेलो असतो. या वेळी पाय अडकला त्याचं कारण कामातलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय आजचं मनन पुरं होणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं काम तासांवर विकलं जातं. प्रत्येकाने रोज किती तास कुठल्या प्रोजेक्टवर घालवले ते टाइमशीटमध्ये भरायचं आणि त्यावरून परदेशातल्या क्लायंटला बिल जातं. नाताळच्या आठवड्यात क्लायंटचं ऑफिस बंद होतं. आम्ही पाच जण, काही बंद पडलं तर बघायला, फोनवर हजर होतो. २४ आणि २६ तारीख, मग २९, ३० आणि ३१, असे कामाचे पाच दिवस, म्हणजे ४० तास. माझं प्रत्यक्ष काम झालं साडेअकरा तास. उरलेला वेळ मी उत्रोलीला घरी होतो, पोरांना घेऊन नीरा नदीवर गेलो, आईला करंज्या तळायला मदत केली. करारात नुसतं हजर राहण्याचे पैसे नाहीत. काम केलं तेवढेच तास.

शुक्रवारी मॅनेजरचा मेसेज आला की सगळ्यांनी पूर्ण ४० तास भरावेत. बजेट शिल्लक आहे, आता वापरलं नाही तर पुढच्या तिमाहीत कापलं जाईल. माणूस वाईट नाही. त्यालाही वरून आकडा आलेला असतो. आणि कुणाचं काय बिघडतंय, क्लायंटने तर पैसे आधीच बाजूला ठेवलेत. आमच्यातल्या चौघांनी त्याच दिवशी ४०-४० भरून टाकले.

शनिवारी सकाळी मी लूक ३:१३ वाचलं.

खरं सांगायचं तर शास्त्रवचन इतकं नेमकं लागू पडतं तेव्हा मला थोडी भीतीच वाटते. जकातदार मक्त्याच्या नाक्यावर, मी लॅपटॉपवर. दोघांचं काम, दुसऱ्याच्या खिशातून किती घ्यायचं याचा आकडा लिहिणं.

पण ते म्हणतात तितकं सोपं नाही हेही लिहितो. माझ्या साडेअकरांमुळे बाकी चौघांचे ४० उघडे पडू शकतात. त्यात एक पोरगा मागच्या वर्षीच लागलाय, त्याच्या पगारावर घर चालतं. मी खरं भरलं आणि भरडला तो गेला, तर त्याला नीतिमत्त्व म्हणायचं का? शिवाय एप्रिलमध्ये अप्रेझल आहे, गृहकर्जाचा हप्ता आहे. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "भरायचं ते खरंच भर, पण आधी त्या मुलाशी बोल. त्याला तुझ्याकडून कळू दे, ऑफिसकडून नको."

योहानाचं उत्तर मी या अंगाने पुन्हा वाचलं. तो जकातदारांना इतरांची नावं द्यायला सांगत नाही. ज्याचा हात आहे त्याला त्याच्या हाताचं सांगतो. म्हणून शनिवारी दुपारी मी आधी त्या मुलाला फोन केला. मग मॅनेजरला. म्हटलं, उरलेले साडेअठ्ठावीस तास क्लायंटला न लावता आतल्या कोडवर भरतो, ज्याला आमच्याकडे नॉन-बिलेबल म्हणतात, आणि सगळ्यांनाच तसं बदलायची मुभा द्या, कुणालाच प्रश्न येणार नाही. यात तोटा असा की माझ्या नावापुढे जे टक्के दिसतात, किती वेळ कमाईचा आणि किती बिनकमाईचा, ते खाली येतात. मॅनेजर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सोमवारी चारला बोलू. म्हणजे आज.

तर हे मनन मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. चारला काय होईल ते मला माहीत नाही.

माझे पप्पा भोर आगारात कंडक्टर होते. तेव्हा मशीन नव्हतं, तिकिटांचा ट्रे आणि चिमटा. सुट्टे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना प्रवाशाने ती मागून घ्यायची, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गर्दीत पुष्कळ जण विसरून उतरून जायचे. दिवसाअखेर वे-बिलाप्रमाणे आगारात पैसे भरले की हे उरलेले सुट्टे पिशवीत जास्त निघायचे. पप्पांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. त्यात अशा ओळी : नेरे, फेटेवाले बाबा, ४ रु. आंबवडे, शाळेची मुलगी, २ रु. दुसऱ्या दिवशी त्याच फेरीला तो माणूस दिसला की पैसे त्याच्या हातावर. नाव ठाऊक नसायचं म्हणून खुणा लिहायचे. एका आजीचे सात रुपये त्या डायरीत चार महिने पडून होते. ती माहेरी राहायला गेली होती. शेवटी पप्पांनी ते तिच्या मुलाला दिले, आणि त्या मुलाला हे काय चाललंय तेच कळेना.

नाताळच्या दिवशीही कधी कधी त्यांची ड्युटी असायची. आई ड्रायव्हरकाकांसाठी डब्यात केक द्यायची. उत्रोलीत आणि त्या रस्त्यावरच्या गावांत पप्पांना कुणी ख्रिस्ती धर्मावर बोलताना ऐकलं नसेल. ते बोलणारे नव्हतेच. पण एकदा बाजाराच्या दिवशी भोरला एका माणसाने माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं, "हे डायरीचं तुमच्या देवाने सांगितलंय का?" पप्पा म्हणाले, "हो." आणि गाडी सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

लूक ३:१३ वर मी मोठमोठ्या धर्मशिक्षकांची टीकापुस्तकं वाचलीत. त्या डायरीएवढं चांगलं भाष्य मला अजून सापडलेलं नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की अरे, हे कर्मांनी तारण झालं. आपण तर कृपेने तारलेले. बरोबर आहे. पण कृपेचं वर्णन पौल तीताला लिहिताना कसं करतो ते बघा. तीत २:११-१२ हा भाग पुष्कळ मंडळ्यांत नाताळच्या उपासनेतच वाचतात. देवाची कृपा प्रगट झाली, आणि ती आपल्याला शिकवते, असं तो म्हणतो. कृपा इथे शाळेतल्या बाईंसारखी आहे. पोराला प्रवेश फुकट मिळाला, आता बाई त्याचा हात धरून गिरवून घेतायत. अक्षर वळणदार आलं म्हणून प्रवेश मिळत नाही. पण प्रवेश मिळाल्यावर वर्षभर पाटी कोरी ठेवणारं पोर शाळेत आहे तरी कशाला, असं बाई विचारणारच. योहानही फळ म्हणतो. फळ लावून झाड जिवंत होत नाही, जिवंत झाडाला फळ लागतं.

आता अंगरख्याकडे येऊ, कारण तो भाग मी पहिल्यांदा वाचताना चुटकीसरशी ओलांडतो. जुने कपडे आपण देतोच की.

डिसेंबरात तर फारच देतो. ब्लँकेटवाटप, फोटो, मंडळीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी. त्याला नावं ठेवत नाही, दिलेलं ब्लँकेट खरंच ऊब देतं. पण थंडी नाताळला संपत नाही. आमच्या भागात जानेवारीच जास्त कडक, आणि याच महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या पाचटाच्या कोपी घालून उघड्यावर राहतात. बायका पहाटे चारला उठतात, तान्ह्या पोराला फडात घेऊन जातात. या टोळीतल्या दोन बायका आमच्याकडे पाणी मागायला येतात. आईने बोअरचा पाइप कुंपणाबाहेर काढून दिलाय, वीज असेल तेव्हा या आणि भरून न्या, म्हणून. परवा तिने नाताळला आलेली नवी शाल त्यातल्या एकीला दिली. मी म्हटलं, "अगं, जुनी होती ना!" आई म्हणाली, "जुनी मी वापरते की." यावर मला काही बोलता आलं नाही. लूक ३:११ मध्ये दोनांतला जुना द्या असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मी मग मुद्दाम जाऊन बघितलं.

अंगरख्याचं वचन मोठं करून बघायचं असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केडगावला जावं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं म्हणून केडगावजवळ जमीन घेतली, फळबाग लावायला. अगदी शहाणा, व्यवहारी विचार. कुठल्याही ट्रस्टच्या बैठकीत मंजूर होईल असा. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळात भुकेने गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. त्यांना ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झालेले. ज्या जमिनीवर उत्पन्नाची बाग व्हायची होती तिथे झोपड्या आणि तंबू उभे राहिले. तेच आजचं मुक्ती मिशन.

मला यात भावतं ते असं की नंतरची वर्षं शेती, विहिरी, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी गेली. रोजची कामं. भरपूर प्रार्थना आणि भरपूर पाणी ओढणं. याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं. साध्या बाईलाही समजावं म्हणून त्यांनी ते मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलं होतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. ज्यांना दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलं त्यांच्यातल्या कुणी त्याचे खिळे जुळवले असतील, कुणी कागद वाळत घातले असतील. अंगरखा असा फिरत फिरत कुठवर गेला बघा.

शिपायांचं उत्तर थोडक्यात. पगारात समाधान माना हे वचन मालकांनी मजुरांना ऐकवायला वापरलं जातं, ते चूक आहे. योहान हे अशांना सांगतोय ज्यांच्या हातात भाला आहे आणि जे दुसऱ्याला घाबरवून पैसे काढू शकतात. मजुरी अडवून धरणाऱ्यांबद्दल याकोब ५:४ मध्ये काय लिहिलंय ते ज्याच्या शेतात माणसं कामाला येतात त्याने जरूर वाचावं. आमच्या घरी रोजंदारीचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायचे असा नियम आहे. तो आजीपासून चालत आलाय आणि तिने तो अनुवाद २४:१५ मधून घेतला होता.

उद्या ६ जानेवारी. प्रकटीकरणाचा सण झाला की ओट्यावरची चांदणी आम्ही उतरवतो. शेजारच्या काकूंनी काल विचारलं, "काढणार का रे आता? रात्री गल्लीत उजेड पडतो तिचा, बरं वाटतं." तर बल्ब तिथेच राहू देणार आहोत, चांदणीशिवाय. दूध घालायला लोक पहाटे त्या बाजूने जातात.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू नासरेथात घाम गाळलास, तुला आमचं काम कळतं. आज जे जे कुणी आकडे लिहिणार आहेत, टाइमशीटमध्ये, वहीत, वजनकाट्यावर, गल्ल्यात, त्यांच्या हातावर तुझा हात ठेव. त्या नव्या मुलाची नोकरी सांभाळ. माझ्या मॅनेजरवर वरून जे ओझं आहे ते हलकं कर, आणि चार वाजता मला शांतपणे बोलायला शिकव. कोपीतल्या त्या तान्ह्या पोराला आजच्या रात्री ऊब दे, आणि ती आमच्या घरातून जायची असेल तर आम्हाला उठव. तुझ्याच नावात मागतो, आमेन.

उद्याचा शास्त्रभाग : लूक ४:१-१३.